पीएस४ची हार्ड डिस्क बदलताय? आधी जाडी बघा, मग टीबी

दुकानात ४ टीबीची अडीच इंची डिस्क दिसली, भावही बरा वाटला, की घेऊन टाकावीशी वाटते. पीएस४साठी, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलसाठी, ती घेऊ नका. ती आत बसतच नाही. घरी आणून कन्सोल उघडल्यावर कळतं की डिस्क जाते ती पट्टीची चौकट चिंचोळी आहे आणि डिस्क दीडपट जाड. तोवर पाकीट फोडलेलं असतं, आणि फोडलेलं पाकीट दुकानदार सहसा परत घेत नाही.

म्हणून पहिली गोष्ट जाडीची. पीएस४च्या आत लागणारी डिस्क अडीच इंची, साटा जोडणीची, १६० जीबीपेक्षा मोठी आणि जास्तीत जास्त ९.५ मिलिमीटर जाडीची असावी लागते. पहिला जाडा पीएस४, नंतरचा स्लिम आणि प्रो, तिघांनाही हीच अट आहे. बाजारातल्या अडीच इंची डिस्का मुख्यतः तीन जाड्यांच्या असतात: ७, ९.५ आणि १५ मिलिमीटर. क्वचित १२.५च्याही जुन्या डिस्का सापडतात. पहिल्या दोन चालतात, बाकीच्या नाहीत.

जाडी का वाढते हे एकदा समजलं की खोक्यावर जाडी छापलेली नसली तरी अंदाज बांधता येतो. डिस्कच्या आत चकत्या असतात, एकावर एक. अडीच इंची आकारात एका चकतीवर साधारण १ टीबी मावतो. ७ मिलिमीटरमध्ये दोन चकत्या बसतात, म्हणजे २ टीबी. ४ टीबीला चार आणि ५ टीबीला पाच चकत्या लागतात, आणि त्यासाठी १५ मिलिमीटर जागा हवी. त्यामुळे फिरत्या चकतीची डिस्क घ्यायची असेल तर पीएस४च्या पोटात २ टीबी ही व्यवहारातली शेवटची पायरी आहे. त्यापुढे जायचं तर एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, घ्या किंवा डिस्क बाहेरून यूएसबीला लावा.

७ मिलिमीटरची डिस्क ९.५च्या चौकटीत सैल बसेल, खाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागेल, असं अनेकांना वाटतं. गरज नाही. चौकट डिस्कला बाजूच्या स्क्रूंनी धरते, आणि बाजूची भोकं दोन्ही जाड्यांमध्ये तळापासून ३ मिलिमीटरवरच असतात. जोडणीचं तोंडही तळापासूनच मोजलेलं असतं. वरच्या बाजूला अडीच मिलिमीटर हवा राहते, एवढाच फरक. पुठ्ठा घालणाऱ्याने उलट त्या हवेचीच वाट बुजवलेली असते.

दुसरी एक चूक महाग पडते. बाहेरची पोर्टेबल डिस्क सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त मिळते म्हणून ती विकत घ्यायची, प्लास्टिकचं कवच फोडायचं आणि आतली डिस्क कन्सोलमध्ये घालायची. ४-५ टीबीची असेल तर ती १५ मिलिमीटरचीच निघते. १-२ टीबीची असली तरी काही पोर्टेबल डिस्कांमध्ये यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या सर्किटवरच जोडलेलं असतं आणि साटाची जोडणी मुळातच नसते. कवच फुटलं, वॉरंटी गेली, आणि हातात आलेली वस्तू कन्सोलला लागत नाही. सुटी डिस्कच घ्या.

बिघाड डिस्कचाच आहे ना?

पीएस४ नोव्हेंबर २०१३मध्ये बाजारात आला. तेव्हाच्या कन्सोलमधली मूळची डिस्क आता दहा वर्षांच्या पलीकडची आहे. मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारणाऱ्या यंत्राचं हे वय झालं. तरीही प्रत्येक दुखण्याचा दोष डिस्कवर टाकून पैसे घालवू नयेत.

डिस्क थकल्याची लक्षणं ठरलेली आहेत. मेनू उघडताना चित्रं उशिरा येतात. गेममध्ये भिंती आणि रस्ते आधी धूसर दिसतात, मग स्पष्ट होतात. ठरावीक जागी पोहोचलं की गेम थिजतो. डाउनलोड पूर्ण होतं पण इन्स्टॉल होताना डेटा करप्ट असल्याचा संदेश येतो. सीई-३४८७८-० हा कोड एकाच गेममध्ये आला तर बहुधा गेमचं दुखणं असतं. चार वेगळ्या गेममध्ये येऊ लागला तर डिस्ककडे बघायची वेळ आली. कान लावल्यावर ठरावीक अंतराने टक-टक ऐकू येत असेल तर चाचण्या बाजूला ठेवा आणि आधी सेव्ह, म्हणजे गेममधली तुमची साठवलेली प्रगती, उतरवून घ्या. ती टकटक म्हणजे चकती वाचणारी आतली सुई आपली जागा शोधते आहे आणि तिला ती सापडत नाही.

टकटक नसेल तर आधी फुकटचा उपाय करा. कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दाबून धरा, पहिली बीप होईल, साधारण ७ सेकंदांनी दुसरी बीप होईल, तेव्हा सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेनू, येतो. त्यातला पाचवा पर्याय रीबिल्ड डेटाबेस. यात गेम किंवा सेव्ह पुसले जात नाहीत. डिस्कवर काय कुठे आहे याची यादी नव्याने तयार होते. मेनू रेंगाळणं, आयकॉन गायब होणं ही दुखणी बऱ्याचदा एवढ्यावर थांबतात. सहावा आणि सातवा पर्याय मात्र सगळं पुसतात, तेव्हा बोट कुठल्या ओळीवर आहे ते बघूनच बटण दाबा.

कन्सोल चालूच होत नसेल आणि निळा दिवा लुकलुकत राहत असेल तर आणखी एक तपासणी आहे, तिला पैसे लागत नाहीत. डिस्क काढून ठेवा आणि रिकाम्या खणाने कन्सोल चालू करा. टीव्हीवर डिस्क सापडत नाही असा काही संदेश आला, तर मुख्य बोर्ड शाबूत आहे आणि दोष डिस्ककडे किंवा तिच्या जोडणीकडे आहे. डिस्क नसतानाही निळा दिवा तसाच लुकलुकत राहिला आणि पडदा काळाच राहिला, तर नवी डिस्क घेऊन काही होणार नाही. सीई-३४३३५-८ हा कोड डिस्क वाचता येत नसल्याचा असतो, पण तो डिस्क नीट न बसल्यामुळेही येतो. म्हणून एकदा काढून पुन्हा सरळ बसवून बघा.

जुन्या डिस्कची खरी तब्येत संगणकावर कळते. साटा ते यूएसबी जोडणारी छोटी वायर मिळते, तिने डिस्क लॅपटॉपला लावा. विंडोज लगेच विचारेल की फॉरमॅट करायची का. नाही म्हणा. पीएस४ची डिस्क कूटबद्ध असते आणि ती त्याच कन्सोलशी बांधलेली असते, त्यामुळे आतलं काही दिसणार नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा प्रोग्रॅम उघडून तीन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. तिन्हींची मोजणी शून्य हवी. पेंडिंगमध्ये आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदला.

फिरती डिस्क की एसएसडी

इथे कन्सोल कुठला आहे यावर बरंच काही ठरतं. पहिल्या जाड्या पीएस४चं साटा दुसऱ्या पिढीचं आहे, म्हणजे सेकंदाला कमाल ३०० एमबी. प्रोमध्ये तिसऱ्या पिढीचं, ६०० एमबीपर्यंत. फिरती डिस्क यांपैकी कुठल्याही मर्यादेजवळ पोहोचत नाही. ती शंभर-सव्वाशे एमबीच्या आसपास घोटाळते आणि चकतीच्या आतल्या कडेला गेली की आणखी खाली येते. मर्यादा जाणवते ती एसएसडीलाच.

पण एसएसडीचा खरा फायदा या आकड्यात नाही, तो शोधण्याच्या वेळेत आहे. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, नुसते वाट बघण्यात जातात. सुई हलवायचा वेळ वेगळाच. एसएसडीला हेच काम सुमारे दशांश मिलिसेकंदात जमतं. गेम एका वेळी हजारो छोटे तुकडे मागतो, तेव्हा ही वाट साठत जाते.

हाच हिशेब ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला लावा. अर्ध्या फेरीचे ५.५६ऐवजी ४.१७ मिलिसेकंद. वाचले १.४ मिलिसेकंद. त्यासाठी जास्त उष्णता, जास्त थरथर आणि जास्त आवाज, तोही ज्या डब्यात पंखा आधीच कुरकुरतो तिथे. पीएस४साठी ७,२००ची डिस्क मुद्दाम शोधून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. संकरित डिस्का, म्हणजे फिरत्या चकतीसोबत ८ जीबीची फ्लॅश, एकेकाळी याच कन्सोलसाठी फार खपल्या. त्या ८ जीबीत पुन्हा पुन्हा वाचलेले तुकडे साठतात. एकच गेम महिनाभर खेळणाऱ्याला फरक जाणवतो; तीन गेम आलटून पालटून खेळले की साठा वाहून जातो. एसएसडी महाग होती तेव्हा तो तोडगा बरा होता. आज त्या डिस्का जुन्या साठ्यातल्याच मिळतात, त्या शोधत बसू नका.

एसएसडी बसवली म्हणून लोडिंग पाचपट वेगात होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. डिस्कवरून आलेला डेटा आवळलेला असतो, तो उलगडायचं काम प्रोसेसरचं. पीएस४मधला जॅग्वार प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झचा आहे, प्रोमध्ये २.१३. डिस्क झटपट झाली की रांग प्रोसेसरच्या दारात लागते. मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये, जिथे लोडिंग मिनिटभर चालतं, तिथे फरक ठसठशीत असतो. जिथे ते आधीच दहा-बारा सेकंदांत आटपतं तिथे हाताला फारसं लागत नाही. महागातली, सर्वांत वेगवान साटा एसएसडी घेऊन वरचे पैसे वाया जातात. मधल्या भावातली १ टीबीची, नावाजलेल्या कंपनीची, वॉरंटीची एसएसडी पुरते.

एसएसडी खऱ्या अर्थाने हात देते ती दुसऱ्याच जागी, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. गेमचं अपडेट उतरतं, पट्टी भरते, मग कॉपीइंग असं लिहून येतं आणि दुसरी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागते. अपडेट ५०० एमबीचं असलं तरी हे का होतं? कारण पीएस४ जुना गेम आणि नवा तुकडा एकत्र करून त्या गेमची नवी प्रत लिहितो. एकाच डिस्कवरून वाचायचं आणि त्याच डिस्कवर लिहायचं. सुई वाचायच्या जागेवरून लिहायच्या जागी, पुन्हा परत, अशी सतत धावते. रेड डेड रिडेम्प्शन २ सुमारे १०० जीबीचा आहे. अशा गेमला फिरत्या डिस्कवर अर्धा-पाऊण तास सहज जातो. एसएसडीवर सुईच नाही, त्यामुळे ही धावपळ नाही. याच कारणामुळे गेमच्या आकाराएवढी जागा मोकळी असल्याशिवाय अपडेट सुरूच होत नाही. डिस्क घेताना सगळे गेम मावतील एवढीच मोजू नका. सगळ्यांत मोठ्या गेमएवढी जागा वर धरा. आणि खोक्यावरची जागा पूर्ण मिळत नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर वापरायला सुमारे ४०८ जीबी उरतात, १ टीबीवर साधारण ८६०. बाकीची जागा कन्सोल स्वतःसाठी ठेवतो.

लिहिण्याच्या वेगाची एरवी चिंता नको. पीएस४चा ब्लू-रे वाचक सहापट वेगाचा, म्हणजे सेकंदाला कमाल २७ एमबी. ५० जीबीची तबकडी पूर्ण वाचायला त्याला निदान अर्धा तास लागतो, मग आत डिस्क कुठलीही असो. घरचं इंटरनेट १०० एमबीपीएसचं असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी येतात, आणि १०० जीबीच्या गेमला सव्वादोन तास. दोन्ही वेळा डिस्क रिकामी बसून असते. म्हणून स्वस्त क्यूएलसी प्रकारची एसएसडी, जी मोठं लिखाण सलग चाललं की मंदावते, तीही इथे चालून जाते.

फिरती डिस्कच घ्यायची ठरवली तर एक शब्द लक्षात ठेवा: एसएमआर. कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कौल खालच्या कौलावर थोडं चढलेलं असतं, म्हणून थोड्या जागेत जास्त कौलं बसतात. एसएमआर डिस्कवर डेटाच्या रेघा अशाच एकमेकींवर चढवलेल्या असतात. वाचायला काही अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. तसं मधली एक रेघ बदलायची तर पुढच्या सगळ्या पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम एका राखीव पट्ट्यात साठवून निवांत वेळी करते. पट्टा भरला की वेग एकदम कोसळतो. आज मिळणाऱ्या ७ मिलिमीटर जाडीच्या २ टीबी डिस्का जवळपास सगळ्या एसएमआर आहेत. कन्सोलवर वाचणं जास्त आणि लिहिणं कमी, त्यामुळे खेळताना त्रास होत नाही. त्रास होतो तो लागोपाठ तीन-चार मोठी अपडेट लावली की, त्या कॉपीइंगच्या वेळी. डिस्क बिघडली असं वाटून घाबरू नका. एकेक अपडेट लावा, मध्ये कन्सोल थोडा वेळ चालू राहू द्या.

बाहेरची डिस्क हा कमी प्रतीचा उपाय नाही

मार्च २०१७च्या ४.५० अपडेटपासून पीएस४ला यूएसबीवर बाहेरची डिस्क लावून तिच्यावर गेम ठेवता येतात. डिस्क यूएसबी ३ची, २५० जीबी ते ८ टीबी, आणि थेट कन्सोलच्या तोंडाला लावलेली हवी. हबमधून लावलेली घेत नाही. १५ मिलिमीटरची जी डिस्क आत बसत नाही ती इथे आरामात चालते. जुन्या यूएसबी २च्या वायरने जोडली तर कन्सोल नकार देतो, तेव्हा वायर खोक्यातलीच वापरा.

जाडा पीएस४ असेल, आतली डिस्क निरोगी असेल आणि फक्त जागा कमी पडत असेल, तर कन्सोल उघडूच नका. यूएसबीच्या डबीत एसएसडी घालून बाहेरून लावा. या मॉडेलवर आतल्या साटाची मर्यादा मुळात कमी असल्यामुळे बाहेरच्या एसएसडीवर गेम जवळपास आतल्या एसएसडीइतकेच झटपट उघडतात. प्रो असेल तर एसएसडी आत घाला, तिथे तिसऱ्या पिढीच्या साटाचा उपयोग होतो. माझ्या मते प्रोसाठी सर्वांत समतोल मांडणी म्हणजे आत १ टीबी एसएसडी आणि बाहेर मोठी साधी डिस्क. जे खेळताय ते आत, बाकीचं बाहेर.

बाहेरच्या डिस्कवर सेव्ह, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जात नाहीत, ते आतच राहतात. म्हणजे आतली डिस्क आजारी असेल तर बाहेरची डिस्क लावून सुटका होत नाही. वायर उपटण्याआधी पीएस बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या मेनूतून डिस्क बंद करा. तशीच उपटली तर पुढच्या वेळी कन्सोल ती दुरुस्त करत बसतो. वीज गेल्यावर आतल्या डिस्कचंही तेच होतं. जिथे वीज रोज ये-जा करते तिथे नव्या डिस्कबरोबर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या; कन्सोल आणि राउटर नीट बंद करण्याइतका वेळ तो देतो.

उघडण्याआधी

नवी डिस्क हातात आली की ती खरंच नवी आहे का ते तपासा. लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्का स्वच्छ पुसून नव्या म्हणून पुढे येतात. संगणकाला लावून पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ती किती तास चालली आहे ते, बघा. नव्या डिस्कवर आकडा शून्य किंवा एक-दोन असतो. तोही मागे फिरवता येतो, म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का तेही बघा. तोच नंबर बिलावर लिहून घ्या.

मग सेव्ह. पीएस प्लस ही सोनीची वर्गणी भरलेली असेल तर ऑनलाइन साठ्यात चढवा. नसेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंटमधून पेनड्राइव्हवर उतरवा. बहुतेकांचं सगळं काही जीबीत मावतं. पूर्ण बॅकअपही घेता येतो, सिस्टिममधल्या बॅक अप अँड रिस्टोअरमधून, पण त्यात गेम धरले तर शेकडो जीबी होतात. गेमवरची खूण काढून टाका. ते पुन्हा उतरवता येतात. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, बॅकअपमध्ये येत नाहीत. ट्रॉफीच्या यादीत जाऊन ऑप्शन्स बटणाने सर्व्हरशी सिंक करून घ्या. हे राहून जातं आणि नंतर भरून काढता येत नाही.

इंटरनेट मंद असेल तर आणखी एक वाट आहे: आधी बाहेरची डिस्क लावा, गेम तिच्यावर हलवा, आणि मग आतली बदला. त्याच खात्याने साइन इन केल्यावर ते गेम तिथेच सापडतात.

शेवटचं, पेनड्राइव्ह. पीएस४ची बरीचशी सिस्टिम डिस्कवरच असते, म्हणून कोऱ्या डिस्कला ती पूर्ण द्यावी लागते. सोनीच्या साइटवर दोन फाइल असतात. एक अपडेटची, सुमारे ५०० एमबी. दुसरी रीइन्स्टॉलची, साधारण १ जीबी. कोऱ्या डिस्कला दुसरीच चालते, आणि लोक बहुतेक वेळा पहिली उतरवतात. पेनड्राइव्हचं फॉरमॅट फॅट३२ किंवा एक्सफॅट, पार्टिशनचा प्रकार एमबीआर. त्यावर पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या आत अपडेट नावाचं, आणि त्यात ती फाइल. नावं इंग्रजी मोठ्या लिपीत, ४ही इंग्रजी आकडा, मध्ये रिकामी जागा नाही. फाइलचं नाव सोनीने दिलंय तेच. एकच फाइल दोनदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो. तेवढ्यावरून कन्सोल फाइल नाही असं सांगतो.

डिस्क बदलताना

कन्सोल रेस्ट मोडमध्ये नको. नारिंगी दिवा दिसत असेल तर तो झोपलेला आहे, बंद नाही. पूर्ण बंद करा, सगळ्या वायरी काढा.

जाड्या पीएस४मध्ये समोरून बघताना वरच्या झाकणाचा डावा भाग डिस्कचा असतो. तळवे टेकवून तो डावीकडे सरकवा. नखांनी उचकटू नका, आतले खाचे मोडतात. स्लिममध्ये मागच्या कोपऱ्यात छोटं झाकण आहे, प्रोमध्येही मागे. आत एक मोठा स्क्रू दिसेल, त्यावर त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन ही चार चिन्हं कोरलेली असतात. तो एकच काढायचा. दुसऱ्या कुठल्याही स्क्रूला हात लावायची गरज नाही.

मग डिस्कची चौकट सरळ ओढा. जाड्या कन्सोलमध्ये ती समोरच्या बाजूला येते. पहिल्यांदा घट्ट वाटते, मग साटाचं तोंड सुटतं आणि ती मोकळी होते. चौकटीला बाजूने चार छोटे स्क्रू. हे कारखान्यात घट्ट आवळलेले असतात आणि यांचंच डोकं झिजतं. अधिक चिन्हाचा १ नंबरचा स्क्रूड्रायव्हर घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या किटमधला बारका घेतला तर खाच गोल होते. स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर सरळ उभा धरा, ताकद दाबायला जास्त आणि फिरवायला कमी लावा, पहिला पाव वळसा हळूच द्या. टक असा आवाज आला की सुटला. जिथे रबराच्या चकत्या असतील तिथे त्या होत्या तशाच परत घाला. थरथर त्या झेलतात. नवी डिस्क बसवताना चारही स्क्रू आधी बोटांनी अर्धे लावा, मग आवळा. बोटांच्या जोराइतकेच, त्यापुढे नाही.

चौकट परत सरकवताना शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला अडते. तिथे तिरकं दाबू नका. अंगठ्याने मध्यावर सरळ दाब द्या, ती खणाच्या कडेला समपातळीत यायला हवी. मोठ्या स्क्रूचं भोक समोरासमोर दिसत नसेल तर डिस्क पूर्ण बसलेली नाही.

वायरी लावा, पेनड्राइव्ह लावा, कन्सोल चालू करा. कोरी डिस्क बघून तो आपणहून सेफ मोडमध्ये येतो आणि कंट्रोलर वायरने जोडायला सांगतो. इथे पुष्कळ जण अडकतात, कारण हातातली मायक्रो यूएसबी वायर फक्त चार्जिंगची असते. कंट्रोलरचा दिवा लागतो, पण पीएस बटण दाबून काही होत नाही. डेटा वाहणारी वायर लावा. एसयू-४१३३३-४ आला तर पेनड्राइव्हवरची फाइल सापडलेली नाही: फोल्डरची नावं, फाइलचं नाव, आकार, या क्रमाने तपासा. फाइलची आवृत्ती कन्सोलमध्ये आधी होती तीच किंवा तिच्या पुढची हवी. सेफ मोडची यादी दिसली तर सातवा पर्याय. फॉरमॅट आणि इन्स्टॉल मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटं. या काळात वीज जाऊ नये.

सुरू झाल्यावर साइन इन करा, हा कन्सोल पुन्हा प्रायमरी, म्हणजे तुमच्या खात्याचा मुख्य कन्सोल, म्हणून लावा, आणि गेम उतरवण्याआधी सेव्ह परत आणा. पूर्ण बॅकअप रिस्टोअर करणार असाल तर तो सगळ्यात आधी, कारण रिस्टोअर करताना डिस्कवर जे असेल ते पुसलं जातं.

जुनी डिस्क टाकून देऊ नका. नव्या डिस्कवर सगळे सेव्ह उघडून बघेपर्यंत, निदान आठवडाभर, तशीच ठेवा. काही राहून गेलं असेल तर ती परत त्याच कन्सोलमध्ये घालून उतरवता येतं. आठवड्याने क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्या तिन्ही ओळींत शून्य असेल आणि ती ५०० जीबीची असेल, तर यूएसबी ३च्या डबीत घाला आणि कन्सोलकडून एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट करून घ्या. पेंडिंगमध्ये एक जरी आकडा असेल तर तिच्यावर पुन्हा काहीही ठेवू नका.